आठवणीला फिल्टर कशाला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्रयोगी फिल्मबद्दल लिहिलं होतं, म्हणजे गोष्ट सांगत बसण्यापेक्षा भिंतीचा पोत, कापडाची वीण, रिकाम्या खोलीतला आवाज असल्या गोष्टींतून आठवण पकडू बघणाऱ्या फिल्मबद्दल, आणि मला वाटलं होतं दोन-चार जण वाचतील न् पान उलटतील. पण प्रश्न भरपूर आलेत, आणि बहुतेक आपल्या मराठवाड्यातूनच. त्यातल्या कितीतरी जणांनी फक्त "कोणता कॅमेरा घेऊ" एवढंच विचारलंय, त्यांना सगळ्यांना मिळून एकच उत्तर: जो फोन हातात आहे तो. बाकीचे प्रश्न खाली घेतलेत, काही उत्तरं लांबलीत, चालवून घ्या.

प्रश्न (औसा तालुका, सध्या पुणे): ताई, आमचं गाव ९३ च्या भूकंपात गेलं, मी नंतर जन्मलो. आजी अजून सांगत असते. तिच्यावर दहा-बारा मिनिटांची फिल्म करायलो. जुन्या गावाचा एक फोटोसुद्धा घरात नाही. मित्र म्हणायलेत सेपिया, म्हणजे जुन्या फोटोचा तपकिरी रंग, टाक, सुपर एटचा ग्रेनचा ओव्हरले फुकट भेटतो तो टाक, भूकंपाचा आवाज साउंड लायब्ररीतून घे, काम होतंय. मला काहीतरी खटकायलंय पण काय ते सांगता येईना. काय करू?

उत्तर: दादा, खटकायलंय ते बरोबरच खटकायलंय.

सुपर एट ही कोडॅकनं १९६५ ला आणलेली घरगुती फिल्म. ५० फुटांचं कार्ट्रिज, त्यात जेमतेम अडीच-तीन मिनिटं शूट व्हायचं. ज्यांच्या घरी तो कॅमेरा होता त्यांच्या आठवणी तशा दिसतात, पोरांचे वाढदिवस, समुद्रकिनारा, हलणारी फ्रेम, उडालेले रंग. त्यातला ग्रेन किंवा दाणा म्हणजे चांदीच्या क्षारांचे बारीक कण, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे पडलेले, म्हणून चित्र सारखं जिवंत थरथरतंय असं वाटतं, आणि ते दिसायला देखणं असतं यात वादच नाही. पण औसा तालुक्यातल्या तुमच्या घरात तो कॅमेरा कधी आला होता का? मग तुमच्या आजीची आठवण अमेरिकेतल्या कुठल्यातरी कुटुंबाच्या होम मूव्हीसारखी का दिसावी? ओव्हरले, म्हणजे चित्रावर वरून चढवलेला तसल्या दाण्याचा थर, टाकला की बघणाऱ्याला "जुनं आहे" एवढं कळतं, कुणाचं जुनं ते काही कळत नाही. मला ग्रेन आवडतो, उसना ग्रेन नाही आवडत. दिग्दर्शिका पायल कपाडियाच्या २०२१ च्या "अ नाइट ऑफ नोइंग नथिंग"मध्ये सुद्धा काळीपांढरी दाणेदार चित्रं आहेत, दुसऱ्यांच्या घरच्या जुन्या फिल्मचे तुकडे आहेत, पण ती फिल्म उभीच आहे एका विद्यार्थिनीच्या सापडलेल्या पत्रांवर, तिथं सापडलेल्या वस्तूसारखं दिसणं हा गोष्टीचाच भाग आहे. तुमच्याकडं काय सापडलंय? फोटो नाही म्हणता. ठीक आहे, मग जे हाताला लागतं तिथून सुरू करा.

आजीला अजून खाली बसणं जमत असेल तर घमेलंभर शेण कालवून हातभर जागा सारवायला सांगा. सारवताना बोटांच्या अर्धगोल रेघा उमटतात, प्रत्येक बाईच्या हाताची रेघ वेगळी, कुणाची लांब, कुणाची तुटक, आणि ओलं असताना काळपट हिरवं दिसणारं सारवण वाळत जाईल तसं कडेकडून फिकं पडत येतं. तेवढी जागा फ्रेम भरून घ्या, वरून ऊन किंवा दिवा नको, कडेनं तिरका उजेड पाहिजे, सकाळचा पहिला तास बेस्ट, कारण तिरक्या उजेडात प्रत्येक रेघेला स्वतःची सावली पडते आणि दुपारी बारा वाजता तीच जमीन पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. वाळेपर्यंत कॅमेरा हलवू नका. जुन्या घराची जमीन अशीच होती आणि ती जमीन करणारा हात तोच आहे, यापेक्षा जास्त पुरावा कोणता फोटो देणार होता?

आता आवाज. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाडजूड थर. हे छत उन्हाळ्यात घर गार ठेवायचं, पाऊस पडला तरी आत फारसा आवाज येऊ द्यायचं नाही, आणि तेच सगळं वजन त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं, म्हणून तर हजारोंनी माणसं गेली. यात लायब्ररीतला गडगडाट घातलात तर स्पीकर हादरतील, पण तो आजीचा भूकंप नसेल. तिला विचारा की सगळ्यात आधी काय ऐकू आलं, आणि सगळं थांबल्यावर काय ऐकू आलं. माझा अंदाज, ती गडगडाटापेक्षा नंतरचंच जास्त सांगेल, कुणाला हाका मारल्या, कोण ओ देत होतं, कुठलं जनावर ओरडत होतं. तेवढंच तिच्या तोंडून घ्या, खाली म्युझिक नको.

आणि एक काम जरूर करा. पुनर्वसनातल्या घरापुढं पत्र्याचं शेड टाकलेलं असेल, बहुतेक सगळ्यांनीच टाकलंय. त्या पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड करा. माळवदाखाली वाढलेल्या माणसाला पत्र्यावरचा पाऊस हा भूकंपानंतरच्या आयुष्याचा आवाज आहे, आधीच्या आयुष्यात पाऊस एवढ्या जोरानं घरात बोलतच नव्हता. हे फिल्ममध्ये कुणी समजावून सांगायची गरज नाही. सारवण वाळताना पत्र्यावर पाऊस वाजू द्या, एवढंच पुरे.

तुम्ही पुढं लिहिलंय (इथं जागेअभावी गाळलंय) की आजी दर वेळी वेगळं सांगते, एकदा दिवा चालू होता म्हणते, एकदा मिट्ट अंधार म्हणते, आणि यातलं खरं कोणतं ठेवू. सगळं ठेवा. १९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं होतं की माणूस वाचलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना अनोळखी तपशील गाळतो आणि स्वतःच्या ओळखीचे घालतो, म्हणजे आठवणीचं काम कपाटासारखं नाहीच, दर वेळी नव्यानं जुळवाजुळव असते. दिव्याचं आणि अंधाराचं अशी दोन्ही सांगणी एकामागोमाग लावा, चित्र तेच ठेवा. बघणारा आपोआप सावध होईल.

आता तुम्ही पुण्यात आणि आजी गावाकडं, तर फोनवर बोलत असालच. तिला विचारून ते बोलणं रेकॉर्ड करा आणि पुण्यातल्या ट्रॅफिकच्या शॉटवर लावून बघा. शांताल अकरमन नावाच्या बेल्जियन दिग्दर्शिकेनं सत्तरच्या दशकात "न्यूज फ्रॉम होम"मध्ये असंच काहीसं केलंय, चित्रं सगळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांची आणि भुयारी रेल्वेची, आणि त्यावर आईनं घरून पाठवलेली पत्रं ती स्वतः वाचते, मधूनच गाड्यांचा आवाज एवढा वाढतो की आईचे शब्द बुडून जातात. आई चित्रात कुठंच नाही आणि तरी पूर्ण फिल्मभर आहे. तुमच्या फिल्ममध्ये सिंहगड रोडवरचा हॉर्न आजीचं वाक्य तोडत असेल तर तोडू द्या, साफ करायला जाऊ नका.

प्रश्न (जालना): घरात ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट भेटली, १९९६ ची. आत पांढरी पांढरी बुरशी दिसायली. दुकानवाला म्हणला डिजिटल करून देतो, वरून क्लीन करून एचडी पण करतो. मला त्याच्यावरूनच एक शॉर्ट फिल्म करायचीय. देऊ का त्याच्याकडं?

उत्तर: बुरशी लागलेली कॅसेट साफ केल्याशिवाय कुठल्याच व्हीसीआरमध्ये घालू देऊ नका. एक तर टेप आत चिकटून तुटते, दुसरं म्हणजे ती बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या माणसाच्या कॅसेटला. बरं, व्हीसीआर आता नवे मिळत पण नाहीत, शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनं २०१६ ला बनवणं बंद केलं, त्यामुळं चालू मशीन असलेला माणूस सांभाळून ठेवण्यासारखा. त्याला नीट विचारा की टेप हातानं उघडून साफ करतो का. हो म्हणाला तर द्या, नुसतं "होतंय की" म्हणाला तर परत आणा. तोपर्यंत कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवायची.

एचडी मात्र करू देऊ नका. आपल्याकडची व्हीएचएस पॅल पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम आणि चित्राच्या ओळी ५७६, त्यातही टेपवर तपशील कमीच उतरतो. तेवढ्यातून एचडी करायचं म्हणजे सॉफ्टवेअरनं मनानं चेहरे घडवायचे, आणि मग ताईच्या लग्नात सगळ्यांची कातडी मेणाची होते. सांगा की जसं निघतंय तसं द्या, खालची थरथरती पट्टी पण कापू नका, रंग पण सुधारू नका.

फिल्म कुठं आहे म्हणाल तर ती त्या खराबीतच आहे. व्हीसीआरमध्ये पॉज केलं की टेप थांबते पण हेडचा ड्रम फिरतच राहतो, त्याच जागेवर घासत राहतो, म्हणून ज्या जागी घरातल्यांनी वर्षानुवर्षं पॉज केलं, मागं घेऊन घेऊन बघितलं, ती जागा जास्त झिजते, तिथं पांढरे ओरखडे आणि तुटक्या ओळी दिसतात. म्हणजे टेपवर दोन गोष्टी रेकॉर्ड झाल्यात, एक लग्न आणि दुसरं म्हणजे ते लग्न कुणी कुठं थांबून बघितलं. कॅसेट चालू झाली की आधी हे ओरखडे शोधा, पाठवणीत आहेत का, की जेवणाच्या पंगतीत कुणा गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आहेत. मग आईला विचारा तिथं कोण थांबवायचं. (आमच्या वेळच्या व्हिडिओवाल्यांची बदामाच्या आकारातली फ्रेम निघाली तर तीही ठेवा, त्याच्याइतका नव्वदच्या दशकाचा खरा शिक्का दुसरा नाही.)

एक अडचण येणार. त्या काळातल्या बहुतेक लग्नाच्या कॅसेटवर मूळ आवाज पुसून सिनेमाची गाणी भरलेली असायची. मंगलाष्टकं, रडणं, वाजंत्री सगळं गेलेलं. मग आवाज आजचा घ्या. ताईला, आईला, मावशीला टीव्हीसमोर बसवा, फोन मध्ये ठेवून द्या आणि बघता बघता त्या जे बोलतील, "अगं हिची साडी बघ", "हे कोण गं", ते सगळं रेकॉर्ड करा. प्रश्न विचारत बसू नका, आपोआप बोलतात.

प्रश्न (परभणी): ताई मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याकडं फक्त फोन आहे. आई जात्यावर दळताना ओव्या म्हणते, ते घ्यायचंय. पण रेकॉर्ड केलं की जात्याची घरघर कधी मोठी कधी बारीक, वाऱ्याचा फरफर आवाज, आणि आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा. कसं सुधारू? आणि खाली बासरी वगैरे टाकली तर चालेल का?

उत्तर: बासरी नको बाई. आधी तेवढं मिटवू.

फोनचं असं असतं, आपोआप लेव्हल सांभाळायची सोय त्यात असते, शांत झालं की तो आवाज ओढून मोठा करतो आणि मोठं झालं की दाबतो, म्हणून तुझी घरघर श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते. वर नॉइज सप्रेशन असतं, ते घरघरीला कचरा समजून खातं आणि त्याच्यासोबत आईच्या आवाजाचा पण लचका तोडतं, डब्यातून आल्यासारखं वाटतं ते त्याच्यामुळं. असं ॲप घे ज्यात लेव्हल हातानं ठरवता येते आणि वेव्ह फाइल बनते, ४८ किलोहर्ट्झवर ठेव, ऑटोचं जे काही दिसेल ते बंद कर. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा लाल होणार नाही एवढी लेव्हल ठेवायची आणि मग हात लावायचा नाही. वाऱ्याचं म्हणशील तर फोन ओट्यावर नको, भिंतीच्या आडोशाला घे.

मग तीन वेळा वेगवेगळं घे. एकदा फोन आईच्या तोंडापासून हात-दीड हातावर. एकदा जात्याच्या कडेला जिथून पीठ पडतं तिथं अगदी जवळ, पिठाचा स्वतःचा एक मऊ आवाज असतो, घरघरीत तो कधी ऐकूच येत नाही. आणि एकदा बाहेर अंगणात उभं राहून, दार लोटलेलं असताना. हा तिसरा आवाज म्हणजे लहानपणी पहाटे अंथरुणात तू जे ऐकत होतीस ते. माझ्या मते तुझ्या फिल्मची सुरुवात या तिसऱ्या आवाजानं व्हायला पाहिजे, अंधाऱ्या पडद्यावर, आई दिसायची काही घाई नाही.

जमलं तर पायझो डिस्क आण, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरसाठीची पितळी चकती मिळते, अगदी स्वस्तात. तिला वायर जोडून घ्यायची आणि मित्रमैत्रिणींपैकी कुणाचा माइक सॉकेट असलेला रेकॉर्डर मिळाला तर त्याला लावायची. ही हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, ज्या वस्तूला चिकटवशील तिच्या अंगातली थरथर घेते. जात्याच्या खालच्या तळीला चिकटव, वरच्या तळीला लावलीस तर दोन फेऱ्यांत वायर गुंडाळून बसेल. आवाज जरा पातळ येतो, पण दगड आतून बोलतोय असं वाटतं, आणि पिठाच्या क्लोजअपवर तो लावला तर बघणाऱ्याच्या दातांत ज्वारी आल्यासारखी होते.

ओव्यांचं एक सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ या अभ्यासकांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात, आणि आता परीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. त्यात आपल्याकडच्या पण आहेत, माजलगावच्या भीमनगरात १९९६ ला रेकॉर्ड केलेल्या बायकांच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. त्या ऐक, आईला पण ऐकव, तिला दुसऱ्या चार ओव्या आठवतील ही जवळजवळ गॅरंटी.

आणि गावचं वातावरण म्हणून लायब्ररीतला "कंट्रीसाइड" आवाज कधी लावू नकोस. पुष्कळदा तो कुठल्यातरी परदेशातल्या शेताचा असतो, पाखरंच वेगळी. आपल्या कानाला होला, टिटवी, लांबून येणारा ट्रॅक्टर यांची सवय, ते नसलं की खोटं वाटतं, भले कुणाला का ते सांगता येऊ नये. हुरड्याच्या दिवसात ज्वारीच्या पानांचा आवाज वेगळा आणि वाळलेल्या कडब्याचा वेगळा, एवढा फरक तुझ्या फोनमध्ये सुद्धा येतो, जाऊन घे.

प्रश्न (बीड, निवृत्त शिक्षक): महोदया, आपण मागील अंकात शिफारस केलेल्या प्रकारच्या दोन फिल्म नातवाने मला दाखविल्या. वीस मिनिटे एक भिंत आणि एक पंखा. काहीही घडत नाही. याला सिनेमा का म्हणावे? सामान्य प्रेक्षकाची ही थट्टा नव्हे काय?

उत्तर: गुरुजी, नमस्कार. काही फिल्म खरंच थट्टा असतात, नातवानं दाखवलेल्या दोन्ही तशाच असू शकतात, मी त्यांची वकिली करणार नाही. भिंत वीस मिनिटं दाखवली म्हणून ती खोल होत नाही.

पण "काहीही घडत नाही" यावर थोडं बोलायचंय. तुम्ही शास्त्रीय गाणं ऐकत असाल असं धरते. ध्रुपदाच्या आलापात अर्थाचे शब्द नसतात, गोष्ट नसते, एका सुराभोवती गवई कितीतरी वेळ फिरत राहतो, आणि तिथं कुणी विचारत नाही की पुढं काय झालं. दिग्दर्शक मणी कौल यांनी सिनेमात हेच करून बघितलं, त्यांनी झिया मोहिउद्दीन डागरांकडं ध्रुपद शिकलं होतं आणि १९८२ ला "ध्रुपद" नावाची फिल्मही केली. आता हे सगळ्यांना आवडावं असं मुळीच नाही, पण हे परदेशातून आणलेलं खूळ आहे असं तरी म्हणता येत नाही. आणि तुमच्या तरुणपणी टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी सक्तीनं बघायला लागायच्या त्या फिल्म्स डिव्हिजनच्या सरकारी फिल्म आठवतात ना? त्याच सरकारी खात्यात राहून प्रमोद पती यांनी १९६८ ला "एक्सप्लोरर" केली, झपाझप कट, विचित्र आवाज, निवेदकाचा पत्ता नाही. कुटुंबनियोजन न् धरणांच्या फिल्म काढणाऱ्या खात्यातून हे निघालं याचं मला अजून नवल वाटतं.

एक विनंती करते. नातवाला सांगा पंख्याची फिल्म पुन्हा लावायला, पण तुम्ही पडद्याकडं पाठ करून बसा आणि नुसतं ऐका. पंख्याच्या आवाजातून तुम्हाला एखादा वर्ग, परीक्षेचा हॉल, दवाखाना, काहीतरी आठवलं तर त्या पोराचं काम झालं. काहीच आठवलं नाही तर फिल्म फसली, आणि तसं त्याला स्पष्ट सांगा, आजोबांनी तोंडावर सांगितलेलं फेस्टिव्हलच्या ज्युरीपेक्षा उपयोगाचं असतं.

प्रश्न (अंबाजोगाई): कॅमेरा न वापरता फिल्म बनते असं ऐकलं, खरंय का? आमच्या कॉलेजात जुना स्कॅनर पडलाय, त्याच्यावर काही करता येईल का?

उत्तर: खरंय. अमेरिकेतल्या स्टॅन ब्रॅकेजनं १९६३ ला "मॉथलाइट" केली, दिव्यावर मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, गवत हे पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबलं आणि त्याची प्रिंट काढून प्रोजेक्टरमधून चालवली. आवाज अजिबात नाही. पंख एवढ्या जोरात फडफडत जातात की मेलेलं पाखरू पुन्हा दिव्याकडं धावतंय असं वाटतं.

स्कॅनरवर मस्त होईल. काचेवर वस्तू ठेवायची, स्कॅन, तसूभर सरकवायची, पुन्हा स्कॅन. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि प्रत्येक स्कॅन दोन फ्रेम दाखवला तर सेकंदाला १२ स्कॅन, म्हणजे मिनिटाला ७२०. ऐकून घाबरू नका, दोघं-तिघं मिळून करा आणि अर्धा मिनिटच करा. काय ठेवायचं? आजोबांचं धोतर, फाटलेलं सातबाऱ्याचं पान, आईची जुनी पैठणी असेल तर ती उलट्या बाजूनं. कापूस सुद्धा ठेवा, सरकीसकट, स्कॅनरच्या उजेडात त्याचे तंतू बघण्यासारखे येतात. स्कॅन चालू असताना वस्तू हलवली तर ती लांबते, तुटते, वाहते, हा प्रकार मुद्दाम करून बघा, मला तरी चेहरा पुसट आठवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं चित्र ते वाटतं. आणि स्कॅनरची स्वतःची किर्रर पण रेकॉर्ड करून ठेवा, आवाज लागेलच.

प्रश्न (पैठण): आमचा वाडा पाडायचं ठरलंय, चुलत्यांची सही झाली, आता थोडेच दिवस उरलेत. मला फिल्मचं काही येत नाही, नंतर शिकेन. पण आत्ता काय काय रेकॉर्ड करून ठेवू म्हणजे नंतर पस्तावा होणार नाही?

उत्तर: फोटो तुम्ही काढालच, सगळेच काढतात. तुम्ही आवाज घ्या, तो नंतर कुठून आणणार?

प्रत्येक खोलीत रिकामा आवाज घ्या, फोन मधोमध ठेवून, पंखा बंद, माणसं बाहेर, दोन-दोन मिनिटं. ऐकायला काहीच नाही असं वाटेल, पण माजघराचं "काहीच नाही" आणि देवघराचं "काहीच नाही" वेगळं असतं, एडिटिंगला बसलात की कळेल. मग प्रत्येक दार, कडी, कोयंडा, जिन्याची करकरणारी पायरी (वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही आवाज वेगळे), आडाचा रहाट असेल तर रहाट, आणि बादली पाण्यावर आपटते ती. फाइलला लगेच नाव द्या, "माजघर दार आतून" असं मराठीतच, नाहीतर नंतर शंभर फाइली सारख्या दिसतात.

आता खोलीचा घुमारा पकडायची एक फुग्याची युक्ती. प्रत्येक खोलीत रेकॉर्डर एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या टोकाला उभं राहून मोठा फुगवलेला फुगा टाचणीनं फोडायचा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून थांबायचं. त्या एका फट् आवाजात खोलीचा सगळा घुमारा येतो, भिंती किती लांब, लाकूड किती, माती किती. नंतर कन्व्हॉल्युशन रिव्हर्ब नावाच्या इफेक्टमध्ये ही फाइल टाकली, रीपर सॉफ्टवेअरमध्ये रीआवर्ब म्हणून तो येतो, की कुठंही रेकॉर्ड केलेलं बोलणं त्या खोलीत बोलल्यासारखं ऐकू येतं. वाडा पडल्यावरही तुमच्या आत्याला फ्लॅटमध्ये बसवून बोलतं केलं तरी तिचा आवाज माजघरातून येऊ शकतो. (औशाच्या दादांनी पण हे करावं, तुमच्या भागात माळवदाचं एखादं घर कुठं उभं असेल तर तिथं जाऊन फुगा फोडा आणि आजीचं बोलणं त्यात टाकून बघा. आजीला ऐकवायचं की नाही ते मात्र तुम्ही ठरवा, तिला सांगून, विचारूनच.)

दोन सूचना. स्फोटाचा आवाज मोठा असतो, लेव्हल नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवा, आधी एक फुगा ट्रायलला फोडा, फाटल्यासारखा आला तर लेव्हल आणखी कमी. आणि शेजाऱ्यांना अगोदर सांगून ठेवा, वाडा पाडायची बातमी गावात झालेलीच असणार, त्यात आतून फटाफट आवाज यायला लागले तर सगळी गल्ली दारात जमा होईल आणि मग कसली शांतता न् कसलं रेकॉर्डिंग.